डॉलीचं इंजेक्शन

२ डिसेंबर
डॉलीने आज पुन्हा बैठकीत घाण केली! नऊ वर्षांत ह्या कुत्रीने कधी असं केलं नव्हतं. पाण्याचं भांडं भरायचा अवकाश, रिकामं. खाते दुप्पट आणि वाळत चालली आहे. काळजी वाटते, पण ह्यांच्याशी बोलू कशी? दिवाळीपासून अबोला. महाराजपूरचं हे घर विकायचं, असं स्वप्निलला फोनवर परस्पर सांगून मोकळे झाले. मुलाला आधी, बायकोला नाही! आणि जाब विचारला तेव्हा म्हणाले, असं मी बोललोच नाही. धादांत खोटं, तेही तोंडावर.

४ डिसेंबर
रक्तात साखर, लघवीत साखर. कुत्र्यांना मधुमेह होतो हे मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टर क्षमा म्हणाल्या, गोळ्यांनी भागणार नाही. सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की इन्सुलिन, जन्मभर. कातडी चिमटीत धरून सुई कशी टोचायची ते दोघांनाही शिकवलं. आम्ही मुकाट शिकलो, एकमेकांकडे न बघता. माझी सुई दोनदा चुकली. ह्यांची नाही — फॅक्टरीतल्या यंत्रांवर मुरलेला हात.

११ डिसेंबर
पाणी कमी पिते. शेपूट हलवते. देवा, असंच राहू दे.

१५ डिसेंबर
दुपारी डॉली लटपटत भिंतीवर आदळली, पडली, पाय झाडायला लागली. मी नुसती रडत बसले. हे धावत आले — "काहून रडून राहिली? साखर उतरली तिची, मध आण!" दोन महिन्यांतले पहिले शब्द. हिरड्यांना मध चोळला, दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं. वाचली.

मग कळलं. सकाळी मी सुई दिली होती, आणि ह्यांनीही! विचारलं कुणीच नाही. आमच्या अबोल्याने पोरीचा जीव घेतला असता. क्षमा चिडल्या. "आंटी, शक हो तो मत दीजिए. एक डोस छूटा तो चलेगा, डबल हुआ तो ये मर जाएगी."

घराचा विषय मी आता काढणार नाही.

१६ डिसेंबर
"दिलं का?" "दिलं." इतकं सोपं होतं!

२० डिसेंबर
मी ओट्यापाशीच होते. ह्यांनी माझ्यासमोर डॉलीला सुई दिली, डोक्यावरून हात फिरवला, सिरिंज डब्यात टाकली. मी चहा गाळून आणला आणि सवयीने विचारलं, दिलं का?

"नाही ना. तुझीच वाट पाहून राहिलो," म्हणाले, आणि इन्सुलिन काढायला फ्रिजकडे गेले.