डाव्या हाताची मूठ

बाबा, माझे पणजोबा खरंच पलटणीत होते का? मला याचं उत्तर देता येत नाही. ज्याला देता आलं असतं तो तू, आणि तू गेल्यालाही आता चार वर्षं झाली. आईला विचारलं तर ती म्हणते, "मी सून. मला काय ठाऊक?"

तळासरीच्या हायवेलगतच्या त्या शेडमध्ये तू मला सुट्टीच्या दिवशी न्यायचास. नवे फौजी सुरे, हेल्मेटं, पितळेची बटणं जुनी करून मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत पाठवायची, हे तिथलं काम. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात लोखंड आठ दिवस गुंडाळून ठेवलेलं असायचं. तू गोणपाट उलगडतोस, गंजावर नख फिरवतोस आणि मला दाखवतोस. "खरा गंज लोखंड खात जातो. हा नुसता वर बसलाय. बघ, निघाला." ओतीव बिल्ल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं कशी राहतात, खऱ्या ठशाच्या बिल्ल्यावर ती का नसतात, हेही तूच शिकवलंस. सुऱ्यांच्या मुठी झिजवायचं काम मात्र फक्त तुझ्याकडे यायचं. ओल्या चामड्यात वाळू घेऊन तू बोटांच्या खाचा पडेपर्यंत तासन् तास मूठ आवळत बसायचास. शेडमधले म्हणायचे, "ह्याच्या हातात पन्नास वर्षं हायेत." तू खूश व्हायचास. मीही व्हायचे.

नववीत बाईंनी घरातली जुनी वस्तू आणून तिची माहिती सांगायला लावली. कुणी आजोबांचा कंदील आणणार होतं, कुणी जुनं जातं. मी घरी येऊन रडले, की आपल्याकडे जुनं असं काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात धोतराच्या फडक्यात बांधलेला सुरा माझ्यासमोर ठेवलास. "माझ्या आज्याचा हाय. लढाईवरनं आणलेला." मी विचारलं, इतके दिवस कुठे होता? "माळ्यावर," म्हणालास. त्या वेळी मी मधले आठ दिवस मोजले नाहीत.

त्या सुऱ्यावर मी किती बोलले बाबा. वर्गात, मग कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शिकलं नसेल, पण माझे पणजोबा जग बघून आले होते, असं मी माइकसमोर मान ताठ ठेवून सांगायचे. इतिहास घेऊन बी.ए. झाले तेही त्याच जोरावर. निकाल लागला तेव्हा तू नव्हतास. कैनाडच्या आपल्या शाळेत माझा सत्कार झाला, आणि मी तो सुरा शाळेला दिला. काचेच्या कपाटात ठेवला, खाली पणजोबांच्या नावाची पाटी.

मग डहाणूला एका चिकूवाडीवाल्या गुजराती काकांकडे काम मिळालं. त्यांनी मुंबईच्या दुकानांतून हौसेनं जमवलेल्या फौजी वस्तूंची यादी करायची होती. मी एकेक सुरा हातात घेऊन बघत होते. त्यातले सात मला धरता येईनात. धार खाली केली की बोटांच्या खाचा चुकीच्या बाजूला येत. काका हसले. "बघ ने पोरी, ही समदी पलटण डावखुरी होती की काय?" मी हसले नाही. तू जेवण सोडून सगळं डाव्या हातानं करायचास. कुणाही शिपायाची मूठ झिजवताना तू ती तुझ्याच हातानं झिजवलीस, आणि हे तुझ्या कधी लक्षातच आलं नाही.

त्याच शनिवारी शाळेत गेले. कपाट उघडून घेतलं. आपला सुरा उजव्या हातात धरला, बसला नाही. डाव्या हातात घेतला आणि बोटं खाचांत जाऊन बसली, एकेक.

तू मला खोटं ओळखायला शिकवलंस आणि मग खोटंच माझ्या हातात दिलंस. मला एखादा साधा कंदीलही चालला असता. काही नाही आपल्याकडे, एवढं म्हणाला असतास तरी चाललं असतं. मला दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. तुझ्याशी कुठे भांडू?

मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या ना, कपाटातच तर असतो. कुणाला कळतंय?" आई म्हणाली, "एवढी शिकलीस ती बापाचं खोटं काढायला?" त्यानंतर ती माझ्याशी दोन महिने धड बोलली नाही. पण ती मुलं दर वर्षी त्या कपाटासमोर रांगेनं उभी राहतात, आणि मी त्यांना इतिहास म्हणून काय दिलं होतं?

गेल्या सोमवारी मुख्याध्यापकांना कसंबसं राजी करून परिपाठानंतर मी पाटी काढली. मुलांसमोर सुरा धरला, गंजावर नख फिरवून दाखवलं, मूठ दाखवली. सांगितलं की हा जुना नाही, मी चुकले होते. पुढे बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "मग बनवला कुणी, बाई?"

मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं.