गुरुवारचं मौन कोणाच्याही नावे नाही

मी, अहिल्या जगन्नाथ पानसे, राहणार नेपरव्हिल, इलिनॉय, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता ही माझी शेवटची व्यवस्था लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. जिभेबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही.

कलम १. नाशिकचा फ्लॅट मुलगा निमिष याला द्यावा. विकायचा की ठेवायचा हे त्याने आणि सूनबाई रेणूने ठरवावं. "आईची इच्छा होती" असं म्हणून एकमेकांची तोंडं बंद करू नयेत. माझी काहीही इच्छा नाही.

कलम २. पाटल्या रेणूला. पुरणयंत्र सत्संगातल्या सुमित्राला, कारण माझ्या पोळ्या दुकानातल्या असतात असं ती अख्ख्या सत्संगात सांगत फिरली. आता स्वतः फिरवून बघावं.

कलम ३. फ्रिजवरचा व्हाइटबोर्ड. यजमान गेल्यापासून दर गुरुवारी मी मौन पाळते. सत्संगातली मंडळी काकू, काकू करत पाया पडतात. घरात मात्र मी बोर्डावर लिहीत असे: "आमटीत मीठ नाही." "हीटिंग कोणी कमी केलं?" रेणूवर राग असेल त्या आठवड्यात माझा गुरुवार शनिवारपर्यंत चाले. एकदा डिशवॉशर लावता लावता ती शांतपणे म्हणाली, "आई, हे मौन नाही, अबोला आहे." मला फार झोंबलं. जपाला बसले, तर माळ ओढताना मनातल्या मनात तिलाच बोलत होते. तेव्हा माझं मला कळलं. तोंड मिटलं म्हणजे वाणी आवरली असं होत नाही. कळलं, तरी सवय सुटली नाही.

आता नाताळच्या सुट्टीपासून नात सई तिच्या आईशी, म्हणजे रेणूशी, बोलत नाही. मैत्रिणीकडे राहायला पाठवलं नाही, एवढंच कारण. मी विचारलं तर म्हणाली, "आय अॅम डुइंग मौन, आजी. लाइक यू." मी काही द्यायच्या आधीच पोरीने हे माझ्याकडून उचललं होतं.

म्हणून बोर्ड कोणालाही न देता टाकून द्यावा. गुरुवारचं मौन मी कोणाच्याही नावे करत नाही. माझ्यामागे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू नये. सईला जे खुपलं असेल ते तिने सगळ्यांदेखत बोलावं, इंग्रजीत चालेल, माझ्याबद्दलचं असलं तरी चालेल. रेणूने ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.

जोडकलम. वरील मजकूर मी साक्षीदारांपुढे स्वतः वाचून दाखवला. वाचता वाचता सई जिन्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आजी, यू आर टॉकिंग. इट्स थर्सडे." मी म्हटलं, "हो. तूही बोल." ती खाली उतरली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईशी रडत रडत भांडायला लागली. आवाज इथपर्यंत येतो आहे. सही ओळीखाली घसरली आहे ती त्या आवाजाकडे कान लावून बसल्याने, वयाने नाही. ती माझीच सही समजावी.

(सही) अहिल्या जगन्नाथ पानसे

आमच्या समक्ष सही केली, शेजारी व साक्षीदार:
(सही) सुलभा वझे
(सही) श्रीराम वझे

नेपरव्हिल, गुरुवार, ८ फेब्रुवारी २००७