नात्याचा रकाना

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काका म्हटलं म्हणून! नुसतं काका म्हटलं म्हणून माझी जागा गेली. सिरिल टोबिनला सगळी खाडी काका म्हणते. साठी उलटलेल्या माणसाला आमच्याकडे नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, मारली तर आई थोबाडीत देते. हे त्या ब्रॉनविनला कोण सांगणार? कॉलेजात प्लेसमेंटचं बघते ती. ओंटारिओची. तिकडं बापालाही नावानं बोलावत असतील, कुणाला ठाऊक.

तिनं विचारलं, "कुठे बोलणं झालंय का तुमचं?" मी म्हटलं, झालंय की – वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, सिरिलकाका आहेत तिथं मुख्य, ते ये म्हणालेत.

"काका? म्हणजे नातेवाईक?"

नाही गं, तसले काका नाहीत.

"मग कसले?"

आता कसले ते काय सांगायचं. खरं होतं तेच सांगितलं – त्यांची आई आणि माझी आजी मावसबहिणी. झालं. तिनं पेन खाली ठेवलं. नियम आहे म्हणे, नातेवाईकाच्या हाताखाली को-ऑप करता येत नाही.

मी म्हटलं, "पोरी, या खाडीत नातेवाईक नाही असा एकच जण आहे, तो म्हणजे तू." ती हसली नाही.

चार महिने खऱ्या स्वयंपाकघरात पगारावर काम करायचं, त्याला को-ऑप म्हणतात. ते झाल्याशिवाय पुढचं सेमिस्टर नाही, स्वयंपाक्याचं सर्टिफिकेट नाही. मार्च संपायच्या आत जागा हवी. वर्गातली पोरं सगळी विशीतली, ती सुटली सेंट जॉन्स शहरातल्या हॉटेलांत. मी कशी सुटू? माझा नवरा लिअँडर जानेवारीत बर्फावर आपटला, खुब्याचं हाड मोडून घरात पडलाय. त्याला चुलीत लाकूड घालता येत नाही. जागा हवी ती इथंच, रात्री घरी परतता येईल अशी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लिअँडर म्हणतो, "लग्न झाल्यापासून मला खायला घालतेयस. मीच सही करतो. शेरा काय लिहू – मीठ जास्त?"

याला विनोद सुचतात.

गुरुवार, २० फेब्रुवारी

फेरीबोटीवरच्या कँटीनला विचारलं. अलॉयशिअस हाइन्स बघतो ते. म्हणाला, "फिलो, तू येणार तर मी आजच जुन्या स्वयंपाक्याला पाण्यात ढकलतो." कागद त्यानं माझ्यासमोर भरला, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखा. एक रकाना होता – विद्यार्थ्याशी नातं. त्यात लिहिलं: आमचीच आहे.

मला बरं वाटलं वाचून. आमच्याकडे याहून मोठी शिफारस नाही. आमचीच आहे म्हणजे चोरी करणार नाही, सांगून दांडी मारेल, भांडी घासून जाईल. सगळं त्यात आलं.

ब्रॉनविनचा संध्याकाळी फोन. "रागावू नका हं, पण हे 'आमचीच' म्हणजे…?"

म्हटलं, माझ्या वहिनीचा भाऊ आहे तो.

उद्या नवा कोरा कागद घेऊन जा म्हणाली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

इतकं लिहायची सवय नाही. हात दुखतो. मी आठवीत शाळा सोडली. खेकड्यांच्या कारखान्यात लागले, तिथं लिहायचं काय? नांग्या मोडायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका म्हणाल्या, फिलो, आता कॉलेज? म्हातारपणी? मी म्हटलं, म्हातारपणी नाही तर काय मेल्यावर? प्रौढ वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या रोज थोडं लिहा, कुणाला दाखवू नका, म्हणजे हात सुटेल. हात सुटलाय. तोंड तर कधीचंच सुटलेलं होतं.

मंगळवार, ४ मार्च

पॅनकेकचा दिवस. उद्यापासून चाळीस दिवसांचा उपास. वर्गात पोरांनी पिठात वस्तू घातल्या – नाणं आलं तर पैसा, अंगठी आली तर लग्न. मला नुसता पॅनकेक आला.

शुक्रवार, ७ मार्च

ब्रॉनविननं जागा शोधली! पलीकडच्या खाडीत, गाडीनं पाऊण तास. अर्सुला पॉमरॉयचं पाहुणेघर. उन्हाळ्यात लोक हिमनग बघायला येतात, त्यांना न्याहारी आणि रात्रीचं जेवण. मे महिन्यात सुरू होतं, एक हात कमी आहे.

मग दार लावून घेतलं आणि माझी शिकवणी घेतली. "फिलोमीना, यावेळी नात्यांचं काढूच नका. कोण कुणाची मावशी, कोण कुणाचा आतेभाऊ – काहीच नको. तुम्ही विद्यार्थी, त्या मालक. संपलं. मी येणारच आहे सोबत."

मी म्हटलं बरं. पॉमरॉयांशी आमचं रक्ताचं काही नाहीच. अर्सुलाची आई कॅरलाइन मावशी सुईण होती. लिअँडर पायाळू, तिनंच त्याला बाहेर काढला. तीच त्याची धर्ममाता. माझी सासू गेली तेव्हा तिला शेवटचं न्हाऊ घातलं तेही कॅरलाइन मावशीनंच. पण नातं? नाही. कुठल्याही कागदावर दाखवता येणार नाही असं.

म्हणून निर्धास्त होते.

मंगळवार, ११ मार्च

मुलाखत झाली. जशी झाली तशी लिहिते.

मागच्या दारानं गेलो, आपली माणसं तिकडूनच जातात. ब्रॉनविन पुढच्या दाराकडे निघाली होती, तिला ओढून आणलं. अर्सुला चुलीपाशी. किटली ठेवलेली, टेबलावर पाव, लोणी, काकवी. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. पुष्कळ वर्षं बेटाबाहेर, मेनलँडला होती, त्यामुळे आमची समोरासमोर गाठ अशी पहिलीच. तिनं मला बघितलं, हसली आणि म्हणाली, "हं, तू कुणाची गं?"

इकडे हे सगळेच विचारतात. माहीत असलं तरी विचारतात. तिला माहीतच होतं. ती नुसतं दार उघडत होती माझ्यासाठी.

ब्रॉनविन शेजारी बसलेली. मांडीवर कागद, हातात पेन.

मी म्हटलं, "मी कुणाची नाही. फिलोमीना व्हिफेन. कॉलेजनं पाठवलंय."

"कुणाचीच नाही?"

"नाही."

"व्हिफेन म्हणजे स्किफ कोव्हचे ना?"

"तिथं व्हिफेन पुष्कळ आहेत."

अर्सुला उठली आणि चुलीवरून किटली खाली उतरवली. पाणी उकळायला आलं होतं. नंतर जे विचारलं ते सगळं कामाचं. कणीक किती जणांची मळू शकाल, अंडी किती प्रकारांनी. 'तुम्ही' म्हणाली. मी सगळी उत्तरं बरोबर दिली.

गाडीत ब्रॉनविन खूश. "एकदम व्यावसायिक! मला अभिमान वाटला तुमचा." मी खिडकीतून बघत होते. तिला कसं सांगू की आपल्याला चहा मिळाला नाही. आमच्याकडे वीजबिल मागायला आलेल्यालासुद्धा चहा मिळतो.

गुरुवार, १३ मार्च

पोस्टात गेले. काउंटरवर विनिफ्रेड. मी लंगोटात होते तेव्हापासून मला ओळखते. मला बघून चष्मा पुसला, लावला आणि म्हणाली, "आपलं नाव काय, बाई? ओळखपत्र आहे का?"

मी म्हटलं, विनी, डोकं फिरलंय का तुझं?

"तसं नाही हो. कुणाची असती तर दिलं असतं पार्सल तसंच. पण तुम्ही कुणाच्याच नाही असं कळलं."

मागं दोघी उभ्या होत्या. एकीनं खोकल्याचं निमित्त केलं. मी ओळखपत्र काढून आपटलं. तिनं नाव मोठ्यानं वाचलं, अक्षर अक्षर लावत, आणि पार्सल दिलं. "या हं पुन्हा."

त्या 'या हं'नं मारलं. शिवी दिली असती तर परतवली असती.

शुक्रवार, १४ मार्च

आज लिअँडरच्या पुढ्यात वाटाण्याचं सूप ठेवलं तेव्हा म्हणाला, "कॅरलाइन मावशीनं मला पायाला धरून जगात आणलं, फिलो."

म्हटलं, ठाऊक आहे.

"आणि तू सांगतेस कुणाची नाही."

मग मीही सोडलं नाही. तू पडलायस, कारखाना पडलाय, घर कोण चालवणार? ते सर्टिफिकेट नसेल तर मी पुन्हा कुठं नांग्या मोडू? आणि खोटं काय बोलले? रक्ताचं आहे का काही? सांग! आहे का?

"नाही."

मग?

"मग चहा का नाही मिळाला तुला?"

सूप थंड झालं. दोघांनीही तसंच खाल्लं.

मंगळवार, १८ मार्च

पाव भाजला, काकवीचा, आणि अर्सुलाकडे एकटी गेले. ब्रॉनविनला सांगितलं नाही.

मागच्या दाराला आतून कडी. मी उभीच राहिले. इथं मागच्या दाराला कडी कुणी लावत नाही. ठोठावतो तो पोलीस, नाहीतर वाईट बातमी घेऊन आलेला पाद्री. मी ठोठावलं. दुसरं काय करणार?

अर्सुलानं दार अर्धं उघडलं. मी म्हटलं, त्या दिवशीचं सांगायला आले. कॉलेजचा एक नियम आहे –

"प्लेसमेंटचं जे काय असेल ते मी कॉलेजला कळवीन."

आतून कॅरलाइन मावशीचा आवाज आला, आता फार बारीक झालाय, "कोण आलंय गं?"

अर्सुला वळून म्हणाली, "कुणी नाही, आई."

पाव उंबऱ्यावर ठेवला आणि आले.

शनिवार, २२ मार्च

कुणाचा फोन नाही. विनिफ्रेड अजून 'तुम्ही'च म्हणते. सिरिलकाका चर्चबाहेर भेटले, टोपीला हात लावला आणि गेले. ते नेहमी गालाला चिमटा घेतात माझ्या, या वयातही. मला तो आवडत नाही. आज नाही घेतला.

सोमवार, २४ मार्च

ब्रॉनविन म्हणते लॅब्राडॉरला खाणीच्या कँपवर जागा आहे. विमानानं न्यायचं, विमानानं आणायचं. "तिथं तुमचं कुणी नातेवाईक?" कुणी नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा असं ठिकाण ऐकलं जिथं माझं कुणी नाही. तिला केवढा आनंद झाला.

लिअँडरला सांगितलं. म्हणाला, "जा. मी लाकडं शेजाऱ्याकडून घालून घेईन." माझ्याकडे बघितलं नाही. काल काठी घसरून पडला होता, मला लपवून. कोपरावर काळंनिळं दिसलंच मला.

नाही जाणार. पुढच्या सोमवारपर्यंत इथं काही झालं नाही तर संपलं सगळं.

बुधवार, २६ मार्च

अर्सुलानं मला घेतलं.

ब्रॉनविननं बातमी सांगायला वर्गातून बाहेर बोलावलं, मिठीच मारली. कागद हातात दिला. "इतका स्वच्छ फॉर्म मी पाहिलेला नाही. फक्त तुमची सही राहिलीय. सोमवारी आणून द्या."

मी वाचायला हळू. घरी चुलीपाशी बसून वाचला. पगार बरोबर, वेळा बरोबर. खाली तो रकाना. विद्यार्थ्याशी नातं. त्यात अर्सुलाच्या अक्षरात, पेन दाबून: काहीही नाही. आमची कुणी नाही.

कॉलेजला 'काहीही नाही' एवढं पुरलं असतं.

लिअँडरनं हात पुढे केला म्हणून त्याला दिला. त्यानं वाचून टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाला, "मिळाली ना जागा. आता सही कर." अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

जागा आहे. सर्टिफिकेट आहे. रोज रात्री घरी येता येईल. मला हवं होतं ते सगळं त्या कागदावर आहे.

गुरुवार, २७ मार्च

सही केली नाही. दोनदा पेन घेतलं.

शुक्रवार, २८ मार्च

अर्सुलाला फोन केला. तिनं उचलला नाही, निरोप घेणाऱ्या यंत्रावर बोलले. "अर्सुला, मी फिलोमीना. मायकल केरीनची मुलगी, लिअँडर व्हिफेनची बायको, स्किफ कोव्हची. तू विचारलं होतंस. तो रकाना तू कॉलेजसाठी भरलास की माझ्यासाठी, तेवढं सांग. कॉलेजसाठी असेल तर सही करते आणि मे महिन्यात कामावर येते. माझ्यासाठी असेल तर कागद चुलीत घालते, दुसरी बघ. रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं. आणि फोन नको. ये. माझं मागचं दार उघडं आहे."