तुह्या निंबाच्या पाण्याची वाटी

प्रिय माय,

तुले जाऊन वर्ष होत आलं, आन पत्र लिहायची बुद्धी मले आज झाली. काहून? आज बा सहज एक गोष्ट बोलून गेला. हे तुलेच सांगावं लागते.

तुले आठवते, बडनेऱ्याच्या स्टेशनावर पार्सलनं आलेला तो डबा? कोकणच्या समुद्रातले स्पंज, खडकाले चिकटून राहणारे जीव. कॉलेजातल्या आमच्या सरांनी मागवलेले. जखमेत पू करणाऱ्या जंतूले मारणारं औषध त्यात सापडते काय, हे आमाले पाहायचं होतं. त्या दिवशी प्रयोगशाळा बंद, म्हणून मी डबा वलगावले घरी आणला. सारं घर वासानं भरलं. तू नाकाले पदर लावला. "काय मेलेलं आणलं वो पोरी?"

मी अंगावर पाणी घेऊन आली, तं तू ते सारं धुऊन, कुरडया घालते तसं लुगड्यावर वाळत घातलेलं! मी कपाळाले हात लावला. तू म्हणाली, सडून चाललं होतं, वाळवलं की टिकते.

आन माय, त्याच स्पंजाचा अर्क जंतू वाढवलेल्या काचेच्या वाटीत टाकला, तं भोवती स्वच्छ गोल पडला. तिथं जंतू वाढलेच नाही. सर हरखून गेले. तू तवा पाठीवरच्या गळवानं पालथी पडून होती, सुया लागू पडत नव्हत्या. मी तुह्या कानाशी म्हटलं, माय, समुद्राची दवाई येते, थांब. तू थांबली नाही. एवढी कायची घाई होती वो तुले?

मंग नवे डबे आले. आमी ते भट्टीत नीट वाळवले. गोल काही पडेना. सर म्हणे, तुहा हात चुकत असन. मी रडकुंडीले आली.

आता बाच्या पायाले तसंच गळू झालं. पाय ठणकून राहिला, लाल रेघ वर चढून राहिली. दवाखान्यात चाल म्हटलं की हट्टाले पेटते. "माही पोरगी समुद्राची दवाई काढून राहिली," असं साऱ्या वस्तीले सांगते.

आज त्याचा पाय धुवाले मी निंबाचा पाला उकळत होती. बा हसला. म्हणे, "तुह्या मायनं त्या समुद्राच्या घाणीले बी निंबाच्याच पाण्यानं धुतलं होतं. दोन-तीनदा, वास जावा म्हणून."

मले काहून नाही सांगितलं, माय? गोवर असो का बाळंतीण, तुहा निंब असेच. त्यात सांगण्यासारखं तुले काही वाटलंच नसन. मंग तो गोल समुद्राचा होता, का आपल्या अंगणातल्या झाडाचा? आन निंबाचा असला तरी काय? तोच पाला तुह्या पाठीवर किती बांधला आपण. वाटीतले जंतू मेले, तू कुठं वाचली?

सरांले सांगायचं भेव वाटते. बाले सांगायचं त्याहून जास्त. त्याची सारी आशा त्या एका गोलावर हाये.

तरी तुले शब्द देते. उद्या पहिल्या मोटारीनं बाले अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेईन. रागावला तरी, रडला तरी. त्याले तोंडावर सांगीन, "बा, माह्याजवळ दवाई नाही." मंग प्रयोगशाळेत दोन वाट्या ठेवीन. एकीत न धुतलेल्या स्पंजाचा अर्क, एकीत नुसतं तुह्या निंबाचं पाणी. जे निघन, ते सरांले तसंच सांगीन.

आन माय, तू इतक्यात बाची वाट पाहू नको.

तुही,
सुमन