तोंडी लावायला

१४ जुलै, सोमवार

दवाखान्याच्या काट्यावर अठ्ठ्याहत्तर किलो चारशे! घरचा काटा इतकी वर्षं मला पंच्याहत्तर सांगत होता आणि मी बापडी त्याच्यावर विश्वास ठेवून बसले होते.

वजनाचंही एक वेळ सोडा. डॉक्टर म्हणाले, रक्तगट जुळतो, वय चालतं, बाकी सगळं चांगलं आहे. पण तुमच्या स्वतःच्या लिव्हरमध्ये बावीस टक्के चरबी आहे. असल्या लिव्हरचा तुकडा भावाला कसा देणार? दहाच्या खाली आणा, त्यासाठी आठ किलो तरी वजन उतरवा. सात आठवडे देतो, मग परत एमआरआय.

अण्णाचं, माझ्या भावाचं, लिव्हर गेलंय, पण त्यानं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. जुनी कावीळ, आत दबा धरून बसलेली. वहिनीचा रक्तगट जुळत नाही. जुळतो तो माझा, नाहीतर आदर्शचा. आदर्श म्हणजे अण्णाचा मुलगा, वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा अण्णानं माझं मनगट धरलं. बोटं नुसत्या काड्या झाल्यात. "नीलम, आदर्शला हात लावू द्यायचा न्हाय. तुझं जमलं तर जमलं, न्हाय तर मी जातो. पर पोराचं पोट फाडून मला जगायचं न्हाय." मी म्हटलं, "आदर्श कशाला पायजे? मी हाय की! आठ किलो तर उतरवायचंय!" हसतच म्हटलं. जसं काही आठ किलो म्हणजे बाजाराची पिशवी, खाली ठेवली की झालं.

खाण्याचं बघणाऱ्या तेजस्वी मॅडमनी एक निळी वही दिलीय. तोंडात जाईल ते सगळं तीत लिहायचं. ही वही मात्र माझी.

१५ जुलै

निपाणीला परत. भात बंद, साखर बंद, तळण बंद. रात्री वाडगाभर काकडी, मुळा, कोबी – कच्चं. किशन समोर बसून आमटीभात ओरपत होता. बावीस वर्षांत नवरा इतका नावडता कधी झाला नव्हता.

१७ जुलै

आज कॉलेजच्या ऑफिसात पोरांचे फॉर्म तपासताना एकदम आठवलं. माघात चुलतभावाच्या लग्नात अण्णाचे डोळे पिवळे दिसले होते. मी काय म्हटलं? "झोप झाली न्हाय वाटतं, माग लई चालवतोयस." आणि पंगतीत जाऊन बसले. जिलबी होती. चार खाल्ल्या. तेव्हा जिलबीऐवजी त्याच्याकडे नीट बघितलं असतं तर पाच महिने हाताशी असते.

१९ जुलै, शनिवार

कच्चा कोबी घशाखाली उतरत नाही. गाईगुरं कशी खातात देव जाणे. तेजस्वी मॅडम म्हणाल्या होत्या, सॅलड खा, पोटभर खा. टीव्हीतल्या बायका खातात तेव्हा वरून काहीतरी ओततात. ते ड्रेसिंग. तेच आणायला बेळगावच्या मोठ्या दुकानात गेले.

वीस मिनिटं फळीसमोर उभी होते. एक पांढरं, दाट, सायीसारखं – बघूनच पाप वाटलं, ठेवलं. एकात ऑलिव्हचं तेल आणि व्हिनेगर. तेल! मॅडमनी दिवसाला तीन चमचे मोजून दिलंय, त्यातलं यात कशाला घालवा? तेही ठेवलं. मग तिसरी बाटली दिसली. मध आणि मोहरीची. हिरवं पान काढलेलं आणि बोटाएवढ्या अक्षरात लिहिलेलं – फॅट फ्री. चरबी शून्य! माझी भानगड चरबीचीच. आणखी काय पाहिजे? दोन घेतल्या.

२० जुलै

मुळा आवडीनं खाल्ला! मी! आंबटगोड लागतं, मोहरीचा झटका मागून येतो. किशननं बोट बुडवून चाटलं. म्हणाला, "हे काय गं, काकडीचं शिकरण?" म्हटलं, तुम्ही तुमचा भात खावा.

निळ्या वहीत लिहिलं – रात्री, सॅलड, एक मोठा वाडगा.

२५ जुलै

वहिनीनं एसटीच्या कंडक्टरजवळ डबा पाठवला. कारळ्याची चटणी. उखळात कांडलेली, काळीभोर, तेल सुटलेली. वासानंच जीव कासावीस झाला. आमच्या वडगावच्या घरी, माहेरी, मुळा, मेथी, कांदा चिरून त्यावर हीच चटणी आणि दही घालतात. पचडी. लहानपणी अण्णा मागाच्या खोलीतून सुताच्या हातांनीच यायचा आणि स्वतःच्या ताटातली पचडी माझ्या भाकरीवर लोटायचा.

पण तेल! कारळं म्हणजे तेलच की. झाकण लावलं आणि डबा शेजारच्या मालुबाईंना देऊन टाकला.

अण्णाचा फोन आला. आवाज लांबून आल्यासारखा. "मिळाली का चटणी? मीच सांगितलो तुझ्या वैनीला. दह्यात कालवून खा, तोंडाला चव येती." मी म्हटलं, "व्हय. खाल्ली की."

२९ जुलै, नागपंचमी

मेडिकलच्या काट्यावर शहात्तर नऊशे! दीड किलो गेलं. शेजारून पुरणाची कडबू आली, तिला बोट लावलं नाही. माझं मलाच कौतुक वाटलं.

९ ऑगस्ट, राखी

वडगावला गेले. चार मागांपैकी एकच चालू होता, तोही गडी चालवत होता. घर इतकं गप्प कधी बघितलं नव्हतं. अण्णाच्या पोटातलं पाणी परवा काढलं, आज पुन्हा पोट फुगलेलं. राखी मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होती. शेवटी दोऱ्याला दोन वेढे देऊन बांधली.

त्याचं जेवण बिनमिठाचं. माझ्या ताटात वहिनीनं पचडी वाढली. मी वाडगी सरकवली – "नको गं, तेल हाय." अण्णा म्हणाला, "अगं ते तोंडी लावणं. त्यानं काय हुतंय?" मग स्वयंपाकघरात जाऊन मी पर्समधली बाटली काढली आणि काकडीवर ओतली. चोरून नव्हे. पण सगळ्यांसमोर काढावीशी वाटली नाही एवढं खरं.

निघताना अण्णानं विचारलं, "किती उतरलं?" म्हटलं, दोन. म्हणाला, "माझ्यापायी उपाशी मरालीस."

१८ ऑगस्ट

काटा शहात्तरवर अडलाय. दहा दिवस झाले. रोज सहा किलोमीटर चालते, चप्पल झिजली पण मी नाही. तेजस्वी मॅडमनी फोनवर वहीचे फोटो बघितले. "आक्का, तुमच्यासारखी वही कोण लिहीत नाही. सॅलड तर किती खाताय!" म्हणून आजपासून सॅलड दोन्ही वेळा.

पाचवी बाटली उघडली.

१ सप्टेंबर, सोमवार

अठरा टक्के.

सात आठवड्यांत बावीसचे अठरा. वजन पंच्याहत्तर सहाशे.

तेजस्वी मॅडम निळी वही घेऊन बसल्या. एकेक ओळ. भाकरी – बरोबर. डाळ – बरोबर. ताक – बरोबर. मग पेन थांबलं. "आक्का, सॅलडवर काय घालत होता?" म्हटलं, "काय न्हाय हो, आपलं तोंडी लावायला थोडं." आणि पर्समधून बाटली काढून दिली. अगदी ऐटीत दिली, फॅट फ्रीची बाजू वर करून.

त्यांनी ती उलटी केली. बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, "अय्यो आक्का." मागच्या यादीत पहिलं पाणी, दुसरी साखर. वर मध वेगळा. एका मोठ्या चमच्यात जवळजवळ दीड लहान चमचा साखर. "एका वेळेला किती घालता?" मी वाडगा हातानं दाखवला. चार चमचे. कधी पाच. हल्ली दोन वेळा. त्यांनी हिशेब कागदावर केला आणि कागद माझ्याकडे न वळवता त्याची घडी घातली.

"लिव्हरमधी चरबी फक्त तेलानं येत नाही, साखरेनं पण येते. एवढ्यानंच झालं असं मी म्हणत नाही. पण सहा आठवडे रोज एवढी साखर... हे वहीत का नाही लिहिलं?"

तोंडी लावणं कुणी लिहितं का? आमच्याकडे काय जेवलीस विचारलं तर किती भाकऱ्या ते सांगतात. चटणी, लोणचं, पचडी – ते ताटाच्या कडेचं. ते जेवण नव्हेच! खोटं लिहिलं नव्हतं मी. जे खाणं वाटलं ते सगळं लिहिलं.

मग मीच विचारलं, कारळ्याची चटणी चालली असती का? म्हणाल्या, "चमचाभर, दह्यात? चांगलंच की. तीन चमचे तेल दिलंच होतं की तुम्हाला." मला तिथं रडू आलं. चटणीवरून!

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. आता थांबता येणार नाही. तीन आठवडे, फार तर. दुसरं कोणी आहे का?

आदर्श माझ्या मागं उभा होता. "मी हाय," म्हणाला.

२ सप्टेंबर

ऑफिसात पोरांचे फॉर्म मी दोन्ही बाजूंनी तपासते. दाखल्याच्या मागं शिक्का नसला तर चिकोडीहून आलेल्या बापालाही परत पाठवते. "मागची बाजू बघायची सवय लावा," असं सुनावते वर. आणि स्वतःला बाटली उलटी करून बघता आली नाही.

मालुबाईंनी डबा परत आणला. घासून लख्ख. "लई झ्याक चटणी हुती, ताई. रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून ही घातलीया." आत मूठभर साखर होती. दार लावून घेतलं आणि खूप वेळ तो डबा मांडीवर घेऊन बसले.

५ सप्टेंबर

अण्णाला गुंगी आली. पोटातलं विष डोक्यात चढतं म्हणे. वहिनीला ओळखतो, वार ओळखत नाही. मला बघून म्हणाला, "उतरलं काय गं?" म्हटलं, "उतरलं." त्यानं डोळे मिटले.

९ सप्टेंबर

आदर्शच्या तपासण्या झाल्या. दोन टक्के. डॉक्टर म्हणाले, एकदम नितळ. वहिनी तोंडाला पदर लावून रडली. आनंदानं की कशानं, तिलाही सांगता आलं नसतं.

१३ सप्टेंबर

आदर्शला जिन्यात गाठलं. म्हटलं, "तुझ्या बाबांनी मला शपथ घातलीया रे." म्हणाला, "मला म्हाईत हाय. मला पण घातलीया. आत्ती, मी लेक हाय त्यांचा, मला आधी विचारायला पायजे हुतं." मग म्हणाला, "तू नको वाईट वाटून घेऊ. तुझं लिव्हर एवीतेवी गोड हाय म्हणे." हसवायला म्हणाला. मी हसले. घरी येईपर्यंत हसू टिकवलं.

१७ सप्टेंबर

बेंगळुरू. ऑपरेशन इथंच. त्याआधी परवानगीच्या कमिटीपुढं सगळ्यांना बसवलं. कागदावर सह्या वहिनीच्या, कारण अण्णा गुंगीत. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटची स्वतःची काही इच्छा, काही हरकत, शुद्धीत असताना बोलून दाखवलेली?" वहिनीनं माझ्याकडे बघितलं. आदर्शनं बुटांकडं.

मी काही बोलले नाही. निळ्या वहीसारखंच, पुन्हा एकदा, जे सांगायचं ते सांगितलं नाही. बोलले असते तर अण्णा जाणार. नाही बोलले, म्हणून त्याचा लेक कापला जाणार. बाटली उलटी करून बघितली असती तर हा प्रश्न माझ्यापुढं आलाच नसता.

२१ सप्टेंबर

रोज मुळा, मेथी, दही आणि चमचाभर कारळ्याची चटणी. वहिनीनं येताना बरणी भरून आणलीय. वजन चौऱ्याहत्तर. आता उतरतंय! मेल्या काट्या, आता कुणासाठी उतरतोस?

२२ सप्टेंबर, घट बसले

सकाळी सहाला आदर्शला आत नेलं. आठला अण्णाला. दिवसभर बाकावर बसलो. वहिनीच्या हातात चाळा म्हणून सुताची एक कांडी होती, घरून आणलेली. गुंडाळायची, सोडायची. मी उपास केला, ज्याचा कुणाला उपयोग नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर आले. दोघंही ठीक.

२५ सप्टेंबर

आदर्श काठी न घेता चार पावलं चालला. मग बाकावर बसला, घामानं डबडबलेला. सदरा वर सरकला तेव्हा पट्टी दिसली. बरगडीखालून आडवी, वितीपेक्षा मोठी. मी दुसरीकडं बघितलं. मग वाटलं, नाही, बघायचीच. तिथं माझं पोट असायला हवं होतं.

२९ सप्टेंबर

अण्णा आज पूर्ण शुद्धीवर. डोळे पांढरे! किती महिन्यांनी. मास्क लावून वहिनीबरोबर आत गेले. त्यानं हळूच हात काढून माझं मनगट धरलं. वहिनीला म्हणाला, "हिला आधी खायला घाल. केवढी वाळलीया माझ्यापायी." मग माझ्या पोटाकडं बघितलं. "लई दुखतंय काय गं टाक्याला?"

"थोडं," मी म्हणाले.