गुडघे टेकलेला माणूस

रविवार संध्याकाळ, पोलादपूर

'गावच्या सुनांनो, तुम्हाला कुणी विचारलंच नाही.' देवळातल्या बैठकीत आत एकही बाई नसताना मी अशी सुरुवात केली आणि बापे हसले. देवीची पुतळ्यांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, माळ वितळवून मुकुट करायचा, असं ठरवून मोकळे झाले. उद्या सोनार येणार.

मुंबई मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "मास्तर, ती व्हेनिसची जुनी नाणी. वर त्यांचा राजा त्यांच्या संतापुढं गुडघे टेकतोय. आपल्या आईच्या गळ्यात कशाला?"

कशाला? मी सांगितलं, समुद्र ओलांडून ती सोन्याची टिकली या डोंगरात आली. आमच्या बायकांनी त्या गुडघे टेकलेल्या माणसाला देवीचा भक्त ठरवलं. इथली प्रत्येक नवरी घरात शिरण्याआधी ती माळ क्षणभर गळ्यात घालते. पिढ्यान्‌पिढ्या घासून तो माणूस पुसट झालाय. आता तो परका?

दारातून पार्वतीवहिनी ओरडली, "माझ्या गळ्यात घातलीत तवा परकी नव्हती काय रे?" बाप्यांनी तिलाच गप्प केलं! माझं भाषण मात्र शांतपणे ऐकून घेतलं. भाषणाला कोण भितो?

सकाळी दारोदार एवढंच सांगायचं: बायांनो, सोनाराच्या आधी देवळात या, ती माळ एकीनं गळ्यात घाला, बाकीच्या तिच्याभोवती बसा, आणि उठू नका.