डाव्या हातमोज्याच्या भोकाबाबत

प्रति,
मा. संचालक,
सौरऊर्जा संशोधन संस्था.

विषय : पेरोव्स्काइट सौरघटांची कार्यक्षमता वाढवणारा फाटका हातमोजा कायमचा बाद करण्याबाबत.
संदर्भ : विभागप्रमुखांचा तोंडी आदेश.

महोदया,

अर्जदार आपल्याकडे सौरघटांवर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांचा पातळ थर चढवतो. थरात विषारी शिसे असते. म्हणून हे काम कोरड्या वायूच्या बंद काचपेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून करावे लागते.

गेल्या महिन्यात घटांची कार्यक्षमता एकाएकी वाढली. विभागात टाळ्या वाजल्या. अर्जदाराला मात्र डाव्या हातमोज्याला टाचणीएवढे भोक दिसले. हातमोजा बदलताच कार्यक्षमता घसरली. भोकातून शिरणाऱ्या किंचित दमट हवेने थरातले स्फटिक चांगले वाढत असावेत. ओलावा मोजून सोडण्याची सोय करावी, असे अर्जदाराने सुचवले. विभागप्रमुख म्हणाले, "त्याला वर्ष जाईल. घट पाहायला पाहुणे पुढच्या आठवड्यात येताहेत. जुनाच चढवा."

त्याप्रमाणे जुना चढवला. भोक वाढू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावली आणि वर पाटी अडकवली : 'या हातमोज्यास कोणीही हात लावू नये.' आत हात घालायचा तो एकट्या अर्जदाराने.

अर्जदाराने आतून दुसरा पातळ हातमोजा घातला. संध्याकाळी त्या आतल्या हातमोज्याचे बोट पिवळे निघाले. थरासाठी वापरतात त्या शिशाच्या संयुगाच्या पुडीचा रंग तोच. रक्त तपासले, शिसे वाढलेले आहे.

घरी लहान मुलगी आहे. ती बापाच्याच हातून जेवते आणि झोपताना त्याचे बोट तोंडात धरते. अर्जदाराने तिला जवळ घेणे सोडले. ती दाराआडून विचारते, "बाबा, कट्टी?" शेवटी पत्नीला सारे सांगावे लागले. ती भांडली नाही, याचीच अर्जदाराला जास्त धास्ती वाटली. मुलीला उचलून ती थेट तिचे रक्त तपासायला घेऊन गेली.

आज सकाळी अर्जदाराने तो हातमोजा कात्रीने कापला. कार्यक्षमता घसरेल, पाहुण्यांसमोर विभागाची शोभा होईल, हे ठाऊक आहे. त्याबद्दल द्याल ती शिक्षा मान्य. मात्र त्या पेटीवर आधी काम केलेल्या सर्वांचे रक्त तपासावे आणि अर्जदारास उद्या अर्धा दिवस रजा द्यावी. मुलीचा अहवाल उद्या मिळणार आहे. पत्नी म्हणाली, "तो कागद मी एकटी उघडणार नाही."

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
थर तंत्रज्ञ, काचपेटी विभाग
दिनांक : आजचा

सोबत :
१) अर्जदाराच्या रक्ताचा अहवाल.
२) मुलीचा अहवाल, उद्या हाती आल्यावर.